मूल असण्याचा गुन्हा

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. त्यांत जवळपास १५ लाख मुलं होती. या आकड्याशेजारी आणखी एक हिशेब मांडायला हवा. युरोपच्या ज्या भागावर नाझींचा अंमल आला, तिथल्या प्रौढ ज्यूंपैकी साधारण तिघांतला एक युद्धानंतर जिवंत होता. मुलांपैकी मात्र फार तर दहांतलं एक उरलं.

युद्धात मुलं मरतातच, असं आपण हळहळून म्हणतो. उपासमार, रोगराई आणि बॉम्बहल्ल्यांत पहिला बळी जातो तो लहानग्यांचा, कारण त्यांच्या अंगात ताकद कमी असते. इथली गोष्ट वेगळी आहे. ही मुलं कुणाच्या गोळीच्या आड आली नव्हती. त्यांच्या याद्या केल्या गेल्या, त्यांना कपाटांतून आणि तळघरांतून शोधून काढलं गेलं, आईच्या कडेवरून उतरवून मारलं गेलं. एरवी युद्धातही लहान वयाचा थोडाफार आडोसा मिळतो. इथे लहान वय हेच मरणाचं कारण ठरलं.

शाळा, विद्यापीठं, संगीत आणि विज्ञान यांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाच्या हातून हे घडलं कसं, हा प्रश्न गेली ऐंशी वर्षं विचारला जातो आहे. त्याचं नेहमीचं उत्तर असं, की प्रचाराने ज्यू मुलांना आधी माणसांतून उठवलं. मारणाऱ्यांना समोर मूल दिसतच नव्हतं. हे उत्तर अर्धंच खरं आहे. कागदपत्रं, साक्षी आणि वाचलेल्यांचे अनुभव एकत्र ठेवून पाहिले तर दिसतं, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना मुलं दिसेनाशी करावी लागली, पण हुकूम देणाऱ्यांना ती पुरती दिसत होती.

शाळेपासून सुरुवात

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर आला. तीन महिन्यांच्या आत, २५ एप्रिलला, शाळा-महाविद्यालयांतली गर्दी कमी करण्याच्या नावाखाली एक कायदा झाला. नव्या प्रवेशांत ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण दीड टक्क्यावर बांधून टाकलं गेलं. त्यात मारहाण नव्हती, तुरुंग नव्हता. एक टक्केवारी होती आणि ती मुख्याध्यापकांनी पाळायची होती. पुढे येणाऱ्या प्रत्येक पावलाला हाच सरकारी, कोरडा चेहरा मिळाला.

वर्गात वंशशास्त्र शिकवलं जाऊ लागलं. काही शिक्षक ज्यू मुलाला फळ्यापाशी उभं करून त्याच्या डोक्याची, नाकाची मापं वर्गाला दाखवत. १९३८ साली नाझी प्रचारक युलियस श्ट्रायखरच्या प्रकाशनगृहाने ‘विषारी अळंबी’ नावाचं रंगीत चित्रांचं बालपुस्तक काढलं. आई मुलाला जंगलात अळंबी वेचायला नेते आणि चांगली कोणती, विषारी कोणती हे सांगता सांगता ज्यूंवर येते, अशी त्याची सुरुवात. हे पुस्तक मोठ्यांसाठी नव्हतं. सात-आठ वर्षांच्या जर्मन मुलाने शेजारच्या बाकावरच्या मित्राकडे कसं पाहावं, हे त्याला झोपण्यापूर्वीच्या गोष्टीतून शिकवायचं होतं. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात श्ट्रायखरला फाशी झाली. त्याने स्वतःच्या हाताने कुणाला मारल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता; चिथावणी हाच त्याचा गुन्हा मानला गेला.

पुढचा क्रम झपाट्याचा आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम निघाला, की ज्याच्या नावावरून तो ज्यू असल्याचं कळत नाही, त्याने नावापुढे ‘इस्रायल’ आणि बाईने किंवा मुलीने ‘सारा’ लावायचं. ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली, दुकानं फोडली गेली. १५ नोव्हेंबरला ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकलं. बागा, पोहण्याचे तलाव, चित्रपटगृहं एकेक करून बंद झाली. सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला छातीवर पिवळा तारा शिवावा लागला. १९४२ मध्ये घरात कुत्रं, मांजर किंवा पक्षी पाळायलाही बंदी आली आणि त्याच उन्हाळ्यात ज्यूंच्या स्वतःच्या उरल्यासुरल्या शाळाही बंद झाल्या. शाळा, नाव, खेळाची जागा, पाळलेलं मांजर अशी एकेक गोष्ट मुलाच्या हातून काढून घेतली गेली आणि प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा हुकूम निघाला.

या हुकमांचा एक परिणाम ज्यू मुलांवर झाला, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दुसरा परिणाम वर्गात मागे राहिलेल्या मुलांवर आणि त्यांच्या आईबापांवर झाला. एक बाक रिकामा झाला, आणि तरी तास सुरू राहिला. रिकाम्या बाकाची सवय होणं ही पुढच्या सगळ्याची पूर्वतयारी होती.

बंद दारं

ज्यू आईबापांना धोका कळत नव्हता असं नाही. अनेकांनी निदान मुलांना तरी बाहेर काढायची धडपड केली. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर जमले. सहानुभूतीची भाषणं झाली, पण आपली दारं सैल करायला जवळपास कुणीच तयार झालं नाही. १९३९ मध्ये अमेरिकेत सेनेटर वॅग्नर आणि प्रतिनिधी एडिथ रॉजर्स यांनी ठरलेल्या कोट्याबाहेर २० हजार निर्वासित मुलांना घेण्याचं विधेयक आणलं. ते मतदानापर्यंतही पोचलं नाही.

ब्रिटनने मात्र काही प्रमाणात दार उघडलं. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे १० हजार मुलं आगगाड्या आणि बोटींनी तिथे पोचली. परवानगी मुलांपुरती होती, आईबापांना नाही. फलाटावर निरोप देणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपली मुलं पुन्हा दिसली नाहीत. निकोलस विंटन या तरुण शेअर दलालाने सहकाऱ्यांच्या मदतीने प्रागमधून ६६९ मुलांची सुटका केली. २५० मुलांची शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ ला सुटायची होती. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ती सुटलीच नाही.

मुलांचा जीव वाचवणं अशक्य होतं, हा समज या घटनांपुढे टिकत नाही. ते शक्य होतं, आणि किती शक्य होतं हे त्या १० हजारांनी दाखवून दिलं. आधी दारं बंद राहिली. मारेकरी नंतर आले.

भुकेच्या भिंतींआड

पोलंड पडल्यावर ज्यूंना घेट्टोंमध्ये, म्हणजे बंदिस्त वस्त्यांमध्ये, कोंडलं गेलं. वॉर्साचा घेट्टो नोव्हेंबर १९४० मध्ये भिंत घालून बंद केला. शहराची सुमारे तीस टक्के वस्ती शहराच्या अडीच टक्क्यांहून कमी जागेत दाबली गेली. चार लाखांवर माणसं होती, आणि सरकारी शिधा दिवसाला दोनशे उष्मांकांच्याही आत. १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत ८० हजारांहून अधिक माणसं तिथे भुकेने आणि टायफससारख्या रोगांनी मेली.

घेट्टो जगवला तो मोठ्या प्रमाणात मुलांनी. भिंतीच्या बुडाशी असलेल्या भोकांतून मोठ्या माणसाला जाता येत नसे. पाच-सात वर्षांची पोरं पलीकडे जात, कोटाच्या अस्तरात बटाटे, पीठ, पाव भरून परत येत. पहारेकऱ्याने पाहिलं तर गोळी. कित्येक घरांत बाप आजारी, आई सुजलेली आणि कमावतं माणूस म्हणजे आठ वर्षांचा मुलगा, अशी स्थिती होती. बालपण हिरावलं गेलं असं आपण सहज म्हणतो; इथे तर आईबापांना पोसायचा भार मुलांच्या खांद्यावर आला होता.

तरी मुलं खेळत होती. त्यांचे खेळ पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे, की कुणी पहारेकरी होई, कुणी चोरटा व्यापारी, कुणी प्रेत उचलणारा. जे डोळ्यांसमोर चाललं होतं ते खेळात आणून मुलं ते पेलण्याजोगं करू पाहत होती. लपूनछपून शाळाही भरत. इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम याच्या गुप्त गटाने या सगळ्याची नोंद ठेवली. त्यात मुलांचे निबंधही होते. तो दप्तरखाना पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून जमिनीत पुरला गेला. युद्धानंतर १९४६ आणि १९५० मध्ये त्याचे भाग सापडले. घेट्टोतल्या मुलांबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं पुष्कळसं या पेट्यांमुळे.

याच घेट्टोत यानुश कोर्चाक यांचं अनाथालय होतं. कोर्चाक डॉक्टर, लेखक आणि शिक्षणतज्ज्ञ होते. मूल म्हणजे उद्या होणारा माणूस नव्हे, ते आजच पूर्ण माणूस आहे, हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा गाभा होता. त्यांच्या अनाथालयात मुलांचं स्वतःचं न्यायालय चाले आणि तिथे मोठ्यांवरही खटला भरता येई. १८ जुलै १९४२ रोजी या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचं ‘डाकघर’ हे नाटक केलं. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटी शांतपणे झोपी जातो, ती गोष्ट. बंगालमध्ये लिहिलेलं हे नाटक त्या अनाथालयात उभं राहिलं ते मरणाची भीती हाताळण्याची एक वाट म्हणून. चार दिवसांनी हद्दपारी सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का आणि सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं गेलं. कोर्चाक यांना स्वतःचा जीव वाचवण्याच्या संधी आल्या होत्या. त्यांनी मुलांना सोडलं नाही.

ब्यिला त्सेर्क्वा: चार दिवस

मारणाऱ्यांना समोर काय दिसत होतं, हे कळण्यासाठी एक प्रसंग जवळून पाहू. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. सैन्यामागून फिरणाऱ्या मारेकरी पथकांनी सुरुवातीला मुख्यतः पुरुष मारले. ऑगस्टपासून बायका आणि मुलंही मारायला घेतली. कीवच्या दक्षिणेला ब्यिला त्सेर्क्वा हे गाव आहे. तिथल्या प्रौढ ज्यूंना गोळ्या घातल्यावर सुमारे ९० मुलं उरली. तान्ह्यांपासून सहा-सात वर्षांपर्यंतची ही मुलं गावाच्या कडेच्या एका इमारतीत कोंडून ठेवली गेली.

जवळच उतरलेल्या जर्मन सैनिकांना रात्रभर रडणं ऐकू आलं. २० ऑगस्टला त्यांनी लष्करी धर्मगुरूंना सांगितलं. धर्मगुरू पाहून आले: प्यायला पाणी नाही, सगळीकडे घाण आणि माश्या, काही मुलं भिंतीचा गिलावा खरवडून खात होती. बातमी लेफ्टनंट कर्नल हेल्मुट ग्रोसकुर्ट या अधिकाऱ्यापर्यंत गेली. त्याने मुलांना न्यायला आलेला ट्रक थांबवला आणि वरून निर्णय मागवला. निर्णय सहाव्या सेनेचा प्रमुख फील्डमार्शल फॉन रायखेनाऊ याच्याकडून आला: जे सुरू केलं आहे ते पूर्ण करा. २१ तारखेला बैठक झाली. मुलांना मारायचं की नाही यापेक्षा कामात अडथळा का आणला, यावरच तिथे जास्त चर्चा झाली. २२ ऑगस्टला मुलांना मारण्यात आलं. गोळ्या झाडण्याचं काम स्थानिक युक्रेनी हस्तकांकडून करून घेतलं.

ग्रोसकुर्टने अहवाल लिहिला. बायका-मुलांविरुद्धची अशी कृत्यं शत्रूच्या अत्याचारांहून वेगळी नाहीत असं त्याने नोंदवलं, आणि त्यासाठी रायखेनाऊचे बोल खाल्ले. पण त्याच अहवालात तो असंही लिहितो, की ही यातना टाळायची तर मुलांना मोठ्यांबरोबर लगेच संपवायला हवं होतं. हे वाचताना हात थबकतो. त्या चार दिवसांत ज्याचं मन सर्वांत जास्त हललं, तो अधिकारीसुद्धा अखेर कामाच्या पद्धतीवरच बोलत राहिला.

या प्रसंगात मुलं कुणालाच दिसली नाहीत, असं कुणी म्हणू शकेल का? सैनिकांनी रडणं ऐकलं, धर्मगुरूंनी तहान पाहिली, अधिकाऱ्याने अहवाल लिहिला, सेनापतीने तो वाचला. प्रत्येकाला ठाऊक होतं, की ही मुलं आहेत. तरीही ती मारली गेली.

असं का, याचं उत्तर या मारेकरी पथकांचा सर्वोच्च प्रमुख हाइनरिख हिमलर याने स्वतःच दिलं आहे. ६ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझेन इथे नाझी पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांपुढे बोलताना त्याने बायका आणि मुलांचं काय, हा प्रश्न मुद्दाम काढला. पुरुषांना मारायचं आणि उद्या सूड घेणारी त्यांची मुलं वाढू द्यायची, हे आपल्याला मान्य नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मुलांना त्याने किडे म्हणून टाळलं नाही. त्यांच्यात त्याला उद्याची माणसं दिसली, आणि म्हणूनच त्यांना मारणं त्याला गरजेचं वाटलं. एखाद्या लोकसमूहाचा भूतकाळ जाळून भागत नाही, त्याचा भविष्यकाळही उपटावा लागतो, हे त्याला नेमकं कळलं होतं.

गाड्या आणि याद्या

हे एकट्या मारेकरी पथकांचं काम नव्हतं. ज्यूंच्याही आधी, १९३९ पासून, नाझी राजवटीने स्वतःच्या जर्मन अपंग मुलांना इस्पितळांत औषधं देऊन आणि उपाशी ठेवून मारायला सुरुवात केली होती. किमान पाच हजार मुलं त्यात गेली. जगायला लायक कोण हे सरकार ठरवणार, हे एकदा डॉक्टर-परिचारिकांनी मान्य केलं की पुढची यादी लांबवणं सोपं होतं. रोमा समाजाच्या हजारो मुलांवरही हीच पाळी आली.

पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत सप्टेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दहा वर्षांखालची मुलं आणि वृद्ध मागितले. घेट्टोचा ज्यू प्रमुख रुमकोव्स्की याने ४ सप्टेंबरला जमावापुढे उभं राहून आईबापांना मुलं द्यायला सांगितलं. बाकीच्यांचे जीव वाचतील असा त्याचा हिशेब होता. त्या आठवड्यात १५ हजारांहून अधिक लोक चेल्मनोच्या मृत्युछावणीत नेऊन मारले गेले. रुमकोव्स्कीचा निवाडा करणं सोपं आहे. पण मुलं देऊन मोठ्यांना वाचवा, ही निवड समोर ठेवणारा कोण होता, हे त्या निवाड्यात विसरता कामा नये.

फ्रान्समध्ये तर जर्मनांनी सुरुवातीला लहान मुलं मागितलीही नव्हती. सोळा वर्षांखालच्यांनाही घेऊन जा, अशी सूचना पंतप्रधान पिएर लाव्हाल याने केली. १६ आणि १७ जुलै १९४२ ला फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरात १३ हजारांवर ज्यू पकडले. त्यांत ४,११५ मुलं होती. बर्लिनचा होकार यायला वेळ लागला, म्हणून छावण्यांतून आधी आया पाठवल्या गेल्या. मागे राहिलेल्या मुलांत स्वतःचं आडनावही न सांगता येणारी पोरं होती. ऑगस्टमध्ये ती द्रांसीच्या छावणीमार्गे ऑश्विट्झला गेली. त्यांतलं जवळजवळ कुणीच परतलं नाही. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या अटकसत्रातली फ्रेंच सरकारची जबाबदारी उघडपणे मान्य केली ती १९९५ साली.

ऑश्विट्झला अठरा वर्षांखालची सुमारे २ लाख ३२ हजार मुलं नेली गेली. त्यांतली सुमारे २ लाख १६ हजार ज्यू होती. गाडीतून उतरताच कामाला येणारे आणि न येणारे अशी निवड होई. लहान मूल बरोबर असलेली आई कितीही धडधाकट असो, बहुधा मुलासोबत थेट विषारी वायूच्या खोलीत जाई. १९४४ मध्ये हंगेरीच्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा फलाटावर सामान उतरवणारे जुने कैदी हळूच मुलांच्या कानात सांगत: वय विचारलं तर सोळाच्या वर सांग. पोरं टाचा उंचावून उभी राहत. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य पोचलं तेव्हा छावणीत सुमारे सातशे मुलं उरली होती. जुळ्या भावंडांवर छावणीचा डॉक्टर योझेफ मेंगेले याने जे प्रयोग केले, त्यांतून वाचलेली काही त्यांत होती.

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्यालिस्तोकच्या घेट्टोतून सुमारे १,२०० मुलं चेक प्रदेशातल्या तेरेझिनच्या घेट्टोत आणली गेली. त्यांना अंघोळीला नेऊ लागताच ती किंचाळू लागली, एकमेकांना धरून ‘वायू, वायू’ ओरडू लागली. तेरेझिनच्या लोकांना त्याचा अर्थ कळेना. या मुलांना मात्र मोठ्यांना ठाऊक नसलेलं ठाऊक होतं. ऑक्टोबरमध्ये त्यांना ऑश्विट्झला पाठवून मारलं गेलं.

तेरेझिनमध्येच फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवत होती. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव घालावं, हा तिचा आग्रह असे. १९४४ मध्ये तिला ऑश्विट्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्यापूर्वी जपलेली सुमारे साडेचार हजार चित्रं दोन पेट्यांत राहिली. तिथल्याच मुलांनी ‘वेदेम’ नावाचं हस्तलिखित साप्ताहिक चालवलं. त्याचा संपादक पेत्र गिंझ सोळाव्या वर्षी ऑश्विट्झमध्ये मारला गेला. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसत असेल याचं त्याने काढलेल्या चित्राची प्रत इलान रामोन हा इस्रायली अंतराळवीर २००३ मध्ये कोलंबिया यानातून बरोबर घेऊन गेला होता.

ज्यांनी मुलं पाहिली

मुलांना माणसांतून उठवण्याचा प्रकल्प सगळीकडे यशस्वी झाला नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हद्दपारीसाठी पकडलेल्या ज्यूंना एका नाट्यगृहात ठेवत आणि त्यांच्या मुलांना समोरच्या पाळणाघरात. पाळणाघराची प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहातला कारभारी वाल्टर झुस्किंड आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य योहान व्हान हुल्स्ट यांनी मुलं बाहेर काढायची व्यवस्था उभी केली. आधी यादीतून नाव गाळायचं. मग समोरून ट्राम आली, पहारेकऱ्याची नजर अडली, की मूल घेऊन बाहेर पडायचं. मुलं टोपल्यांतून, पोत्यांतून, पाठपिशव्यांतून गेली. सुमारे ६०० वाचली. पिमेंटेल आणि झुस्किंड मात्र वाचले नाहीत.

वॉर्सात इरेना सेंडलर हिच्या गटाने घेट्टोतली मुलं ख्रिस्ती कुटुंबांत आणि मठांत लपवली आणि प्रत्येकाचं खरं नाव चिठ्ठ्यांवर लिहून बरणीत घालून पुरून ठेवलं. फ्रान्समध्ये ल शाँबों-स्युर-लिन्यों परिसरातल्या प्रॉटेस्टंट गावकऱ्यांनी शेकडो मुलांना आसरा दिला. इझिउ गावच्या बालगृहाचं नशीब तसं नव्हतं: ६ एप्रिल १९४४ ला लियोंचा गेस्टापोप्रमुख क्लाऊस बार्बी याच्या माणसांनी तिथली ४४ मुलं उचलली. त्यांतलं एकही परतलं नाही. बार्बीने स्वतः पाठवलेली तार १९८७ मध्ये लियोंच्या न्यायालयात त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा ठरली.

वाचवणाऱ्यांच्या या गोष्टींत एक धागा सारखा आहे. मारणारे यादीत नाव घालत होते आणि वाचवणारे गाळत होते. पण मुलाचं खरं नाव हरवू नये याची काळजी वाचवणाऱ्यांनीच घेतली.

वाचलेल्यांचं काय झालं

युद्ध संपलं म्हणजे सुटका झाली, ही समजूतही तपासायला हवी. ब्रिटनने १९४५ मध्ये छावण्यांतून आलेल्या एक हजार अनाथ मुलांना घ्यायची तयारी दाखवली. तेवढी मुलं सापडलीच नाहीत, ७३२ पोचली. लपून वाचलेल्या लहानग्यांना खरे आईबाप आठवत नव्हते, सांभाळणाऱ्या आईपासून पुन्हा ताटातूट होत होती. लपून वाचलेल्या फिनाली भावांच्या ताब्यावरून फ्रान्समध्ये आत्यांचं कुटुंब आणि बाप्तिस्मा दिलेलं चर्च यांच्यात १९५३ पर्यंत झगडा चालला.

हान्स काइलसन या मनोविकारतज्ज्ञाने नेदरलँड्समधल्या ज्यू अनाथांचा दीर्घ अभ्यास करून १९७९ मध्ये निष्कर्ष मांडला, की युद्धानंतरच्या काळात मूल कसं वागवलं गेलं, यावर त्याचं पुढचं आयुष्य फार अवलंबून होतं. आघात मुक्तीच्या दिवशी थांबला नव्हता. तरी कित्येक दशकं या मुलांना ‘तू तेव्हा लहान होतास, तुला काय आठवणार’ असं सांगून गप्प बसवलं गेलं. लपून वाचलेल्यांचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय मेळावा न्यूयॉर्कला भरला तो १९९१ साली. देबोरा ड्वॉर्क हिचा ज्यू मुलांवरचा अभ्यासग्रंथही त्याच वर्षी आला. निकोलस स्टारगार्टसारख्या इतिहासकारांनी पुढे मुलांची चित्रं, खेळ आणि पत्रं यांना पुरावा म्हणून गंभीरपणे वाचायला सुरुवात केली.

न्यायही तोकडाच. कुर्ट हाइसमायर या डॉक्टरने नॉयेनगामे छावणीत २० ज्यू मुलांवर क्षयाचे प्रयोग केले. पुरावा उरू नये म्हणून २० एप्रिल १९४५ च्या रात्री हॅम्बर्गमधल्या एका शाळेच्या तळघरात त्या मुलांना फासावर लटकवलं गेलं. हाइसमायर नंतर माग्डेबुर्गमध्ये १९६३ पर्यंत डॉक्टरकी करत होता. त्या मुलांची नावं आणि नातेवाईक शोधून काढायला ग्युंटर श्वार्बर्ग या पत्रकाराने कित्येक वर्षं घालवली.

आपल्याकडून पाहताना

महाराष्ट्रात वळिवड्याच्या छावणीची आठवण निघते. कोल्हापूरजवळच्या या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांना हद्दपार केलं होतं ते स्टालिनच्या सोव्हिएत राजवटीने, आणि त्यांतले बहुतेक कॅथलिक होते. त्यांची कहाणी वेगळी ठेवायला हवी. पण त्याच हद्दपारीतून निघालेली सुमारे ८७० ज्यू मुलं, बरीचशी पोरकी, तेहरानहून कराचीमार्गे फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाइनला पोचली.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. बर्लिनच्या मुख्याध्यापकांना ज्यू विद्यार्थ्यांची टक्केवारी मोजावी लागत होती, त्याच वर्षांत मुंबईत माझगावच्या बेने इस्रायली शाळेत मुलं मराठीत धडे गिरवत होती. कोकणात तेल गाळणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या या ज्यू समाजाकडे शेकडो वर्षांत कुणी विषारी म्हणून पाहिलं नव्हतं. आपण मुळातच थोर आहोत असा याचा अर्थ नाही. जातीवरून मुलांना वर्गाबाहेर बसवल्याचा इतिहास आपलाच आहे. अर्थ एवढाच, की मुलाबद्दलचा द्वेष निसर्गाने दिलेला नसतो. तो कायद्याने, पुस्तकाने आणि रोजच्या सवयीने घडवावा लागतो, आणि म्हणून तो घडत असताना थांबवताही येतो.

अपमान करून माणूसपण नाकारणं हेच हत्याकांडाचं मूळ, असं मानणाऱ्यांशी अलीकडच्या काही अभ्यासकांनी वाद घातला आहे. मारेकऱ्यांना समोरचा माणूस आहे हे ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं. ब्यिला त्सेर्क्वाचे कागद पाहिल्यावर मला तेच पटतं. मग प्रचाराची गरज काय होती? ती मुख्यतः बाकीच्यांसाठी होती. पुस्तक वाचणाऱ्या आईसाठी, रिकाम्या बाकाशेजारच्या मुलासाठी, मदतीचं विधेयक पडू देणाऱ्या प्रतिनिधींसाठी. मारणारे थोडे असतात. त्यांना लागते ती बहुसंख्यांची न पाहण्याची तयारी.

संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ ला वंशसंहारविरोधी करार केला, तेव्हा एका समूहाची मुलं बळाने दुसऱ्या समूहात नेणं हाही वंशसंहाराचा प्रकार मानला. पोलंडने १९७८ मध्ये सुचवलेला बालहक्कांचा करार १९८९ मध्ये मंजूर झाला. त्यामागे कोर्चाक यांच्या विचारांची सावली आहे. मुलाचे हक्क त्याच्या आईबापांच्या धर्मावर, वंशावर किंवा नागरिकत्वावर अवलंबून नसतील, हे त्याचं साधं तत्त्व. ते आजही जगात रोज मोडलं जातं.

म्हणून या इतिहासातून घ्यायचा धडा ऑश्विट्झपाशी सुरू होत नाही. तिथे पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तो एप्रिल १९३३ च्या त्या टक्केवारीपाशी सुरू होतो. एखाद्या मुलाला शाळेत, दवाखान्यात किंवा सीमेवर विचारलं जातं, की तुझे आईबाप कोण, आणि उत्तरावरून दार उघडायचं की नाही हे ठरतं, तेव्हाच बोलायला हवं. कायदा कितीही सौम्य शब्दांत लिहिलेला असो, आणि मूल कुणाचंही असो.